गिअरबॉक्सखाली तेल दिसलं की दोष गिअरबॉक्सचाच?

नारायणगावचा टोमॅटो बाजार भरात आला की जुने 407 ट्रक दिवसरात्र पळू लागतात, आणि मंचरपासून आळेफाट्यापर्यंत एकच निदान ऐकू येतं: ‘खाली ऑइल पडतंय? गिअरबॉक्सचं सील गेलं. बॉक्स उतरवा.’ हे ऐकून कान किटले आहेत. ऐन हंगामात गाडी खोळंबते, सील बदललं जातं, आणि थोड्याच दिवसांत जमिनीवर पुन्हा तेच डाग.

वस्तुस्थिती अशी, की तेल जिथे ठिबकतं तिथूनच ते गळत असेल असं नाही. कौलारू घरात पाणी वाशावरून वाहत येतं आणि भलतीकडेच टपकतं, तसंच इथे होतं. चालत्या गाडीखालचा वारा तेल मागे ढकलतो, वजनाने ते खाली उतरतं. म्हणून उगम बहुतेक वेळा वर आणि पुढे असतो. इंजिनाच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग झिरपलं तरी ओला दिसतो तो गिअरबॉक्स!

क्लचच्या घराखालचं भोक तर हमखास फसवतं. इंजिनाचं मागचं सील गळो की गिअरबॉक्सचं पुढचं, थेंब तिथूनच पडतो. मग ओळखायचं कसं? डिझेल इंजिनाचं वापरलेलं तेल काजळीने काळं होतं. गिअर ऑइल दाट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. तरीही शंका असेल तर दोन्हीकडची पातळी बघा. इंजिनाला मोजपट्टी असते. गिअरबॉक्सला बहुधा नसते, म्हणून गाडी सपाट जागी उभी करून बाजूचा नट खोला. तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवं.

त्यानंतर सगळा भाग धुऊन कोरडा करा, खडूची भुकटी मारा, थोडी चक्कर मारून या आणि बॅटरीच्या उजेडात बघा. सगळ्यात वरचा आणि पुढचा ओला डाग, तोच उगम. एवढं न करता बॉक्स उतरवणं म्हणजे मालकाच्या पैशाने अंदाज बांधणं आहे.

आणि ब्रीदर? गिअरबॉक्सच्या माथ्यावरच्या या छोट्या वाफनळीकडे कोणी बघतच नाही. शेतरस्त्याच्या चिखलाने ती बुजते. आतली हवा तापून फुगते, बाहेर पडायला वाट उरत नाही, आणि दाबाखालचं तेल सीलच्या कडेने निघतं. अशा वेळी नवं सीलही गळणार! ब्रीदर साफ करायला तार आणि फडकं पुरतं. तेल जास्त भरलं तरी हाच प्रकार होतो.

गिअरबॉक्सच्या मागच्या सीलसाठी तर बहुतेक गाड्यांत बॉक्स उतरवावाच लागत नाही. प्रोपेलर शाफ्ट आणि फ्लँज सोडवली की ते हाती येतं. मात्र फ्लँजवर चर पडली असेल किंवा बेअरिंग हलत असेल, तर नुसतं सील बदलून उपयोग नाही.

आता बाकीचे गैरसमज.

‘जुनी गाडी थोडी गळणारच.’ बॉक्समध्ये तेल मोजकंच असतं आणि ते संपल्याचा इशारा देणारा काटा नसतो. आवाज येईपर्यंत बेअरिंग गेलेलं असतं.

‘जाड तेल घाला, थांबेल.’ गळती थोडी मंदावेल, पण भोक बुजणार नाही, आणि थंडीत गिअर जड पडतील.

‘बाहेरून मसाला चोपडा.’ तेलकट धातूवर तो टिकत नाही.

‘जीएल-5 हे जीएल-4 पेक्षा वरचं.’ गिअर ऑइलसाठीचे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे हे आकडे वापर सांगतात, वरचा-खालचा दर्जा नाही. जीएल-5 मुख्यतः मागच्या क्राऊनच्या हायपॉइड गिअरसाठी आहे. त्यातली काही रसायनं गिअरबॉक्सच्या पितळी रिंगा खाऊ शकतात. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच भरा.

‘लाल तेल म्हणजे गिअरबॉक्स.’ ते ऑटोमॅटिक गाड्यांचं. आपल्या ट्रकखाली लाल दिसलं तर आधी पॉवर स्टिअरिंग तपासा.

‘न्यूट्रलमध्ये टोचण करून कितीही लांब न्या.’ इंजिन बंद असताना आतलं तेल उडत नाही आणि मागचा शाफ्ट कोरडा फिरतो. आधी प्रोपेलर शाफ्ट सोडवा.

माळशेज घाटात पावसाळी रस्त्यावर आपल्या गाडीचं तेल सांडलं, तर मागून येणारा दुचाकीवाला घसरतो. म्हणून गळती थांबवायलाच हवी, पण नेमकी शोधून. बॉक्स उतरवायला होकार देण्याआधी मिस्त्रीला विचारा: गाडी धुऊन पाहिली का, पातळी कुठली उतरली, ब्रीदर मोकळा आहे का? उत्तरं मिळाल्याशिवाय पाना लावू देऊ नका.