फादो ऐकायला जाताय? आधी गप्प बसायची तयारी ठेवा

लिस्बनच्या आल्फामा भागातली छोटीशी खानावळ. वाइनचे ग्लास किणकिणतायत, गप्पा रंगल्यात. अचानक दिवे मंद होतात, वेटर जागच्या जागी थांबतात. फादो सुरू होणार असतो.

ही शांतता म्हणजे नुसता शिष्टाचार नाही. अशा जागी बहुतेकदा माईकच नसतो. गायिका टेबलांपासून दोन हातांवर उभी, साथीला १२ तारांची पोर्तुगीज गिटार आणि एक साधी गिटार. त्यामुळे काट्या-चमच्यांचा आवाजसुद्धा गाण्यात घुसतो.

तीन-चार गाणी झाली की दिवे पुन्हा लागतात. खाणं, पिणं, गप्पा, सगळं त्या मधल्या वेळेत. (न मागता टेबलावर आलेले पाव आणि ऑलिव्ह फुकट नसतात बरं का! खाल्ले तर बिलात लागतात.)

गाण्यांत विरह असतो, समुद्र असतो, नशिबाचे फेरे असतात. गायिकेच्या खांद्यावरची काळी शाल ही मारिया सेव्हेराची आठवण मानली जाते. ती १८४६ मध्ये, अवघ्या २६व्या वर्षी गेली. १९९९ मध्ये आमालिया रॉड्रिग्ज गेल्या, तेव्हा तर पोर्तुगालने तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला. २०११ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत फादो आला.

कोइंब्राचा फादो मात्र वेगळा. तिथे परंपरेने पुरुषच गातात, विद्यापीठाचा काळा झगा घालून. आणि दाद द्यायची ती टाळ्या वाजवून नाही, घसा खाकरून!

लिस्बनचं तिकीट परवडत नसेल तर गोवा जवळ आहे. सोनिया शिरसाट यांच्यासारख्या गोव्याच्या गायिका आजही फादो गातात.