खेकड्यांची वंशावळ

मृगाचा पाऊस पडून बांधांना पाझर फुटला की दूधगंगेच्या खोऱ्यातील बोरगावच्या शिवारात रात्री बत्त्या हिंडू लागतात. ओढ्यांतून आणि उसाच्या पाटांतून खेकडे बाहेर पडलेले असतात व ते धरावयास मुलेमाणसे निघालेली असतात. बिळाचे तोंड पाहून आतला खेकडा केवढा हे सांगणारे जाणते गावोगाव आहेत. परंतु हा खेकडा कोणत्या कुळातला, असे सहसा कोणी विचारीत नाही. तो निमूटपणे रश्श्यात जातो.

शास्त्राला मात्र हा प्रश्न जुना आहे. मुंबई सैन्यातील कर्नल साइक्स यांनी दख्खनमध्ये पाहिलेल्या खेकड्याचे वर्णन 1836 साली वेस्टवुड यांच्यासह प्रसिद्ध झाले आणि त्याला ‘बिळे करणारा’ या अर्थाचे लॅटिन नाव मिळाले. 1910 साली आल्कॉक यांनी हिंदुस्थानातील गोड्या पाण्याच्या खेकड्यांची सूची सिद्ध केली. ओळख पटवावयाची ती पाठीचे कवच, नांग्या आणि विशेषतः नराच्या पोटाखालील उपांगे पाहून. परंतु रूप फसवे असते. एकाच जातीचे खेकडे वयाप्रमाणे निराळे दिसतात. उलट, एकसारख्या ओढ्यांत राहून दूरच्या कुळांना सारखे रूप येते.

येथे तंतुकणिका उपयोगी पडते. पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या या सूक्ष्म घटकाजवळ केंद्रकाहून स्वतंत्र असा आनुवंशिक लेख असतो. खेकड्यात तो साधारणतः पंधरा ते सतरा हजार अक्षरांचा असून त्यात 37 जनुके असतात. सीमाभागात बैलावर बसून येणारा हेळवी घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवितो, त्या बापाकडून मुलाकडे येतात. तंतुकणिकेचा हेळवी उलट्या रीतीचा. तो केवळ आईचीच वंशावळ सांगतो. पिढ्यान्‌पिढ्या नक्कल होताना एखादे अक्षर बदलते आणि तो बदल पुढच्या लेकींत उतरतो. दोन खेकड्यांच्या लेखांत जितका फरक अधिक, तितकी त्यांची समाईक आदिमाता सामान्यतः दूरची. शिवाय एका पेशीत या लेखाच्या पुष्कळ प्रती असतात. त्यामुळे अल्कोहोलात ठेवलेल्या पायाच्या तुकड्यातूनही तो वाचावयास मिळू शकतो.

गोड्या पाण्याच्या खेकड्यांत या वाचनाला विशेष अर्थ आहे. समुद्री खेकड्यांची पिले प्रथम प्रवाहावर तरंगत दूर जातात. नदीतल्या खेकड्यांची पिले अंड्यातून बाहेर पडतात तीच चिमुकले खेकडे होऊन. त्यांना समुद्र ओलांडता येत नाही. दोन ओढ्यांमधला डोंगरही पुष्कळदा भिंत ठरतो. म्हणून त्यांच्या वंशावळीत भूगोल लिहिलेला सापडतो. सेबास्टियान क्लाउस आणि सहकाऱ्यांनी 2010 साली अशा जनुकांच्या आधारे दाखविले की, आपल्याकडील खेकड्यांच्या कुळाची एक मोठी शाखा भारतीय उपखंडात उत्पन्न झाली आणि उपखंड तिबेटच्या भूमीला अखेरचा जाऊन भिडण्यापूर्वीच आग्नेय आशियात पोहोचली. बोरगावच्या ओढ्याचे नाते असे सयामपर्यंत जाते!

अर्थात एकट्या आईच्या साक्षीवर निकाल देता येत नाही. दोन जातींचा संकर झाला असल्यास ही वंशावळ बापाविषयी गप्प राहते. कधी तिचा तुकडा केंद्रकात जाऊन बसतो व वाचणाऱ्याला चकवितो. केंद्रकातील जनुकांचा पुरावा व कवचाची जुनी परीक्षा ही दोन्ही सोबत लागतात.

कुळाचा हा शोध केवळ विद्वानांची हौस नव्हे. 2 जुलै 2019 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटून अनेकांचा बळी गेला, तेव्हा राज्याच्या तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी दोष खेकड्यांना दिला. आरोपी कोणता, हे मात्र कोणी विचारले नाही. सह्याद्रीत मातीत खोल बीळ करणारे खेकडे आहेत, तसे जांभ्या खडकाच्या भोकांत राहणारेही आहेत. दुसऱ्याला धरणाच्या मातीशी काय कर्तव्य? 2016 साली तर सह्याद्रीतून एकदम पाच नव्या जातींची नोंद झाली. ज्यांची नावेच ठाऊक नाहीत त्यांतील एखादी जात एका ओढ्यापुरतीच असेल, तर तो ओढा बुजल्यावर तिची आठवण ठेवणारेही कोणी उरत नाही.

पावसाळी रात्री धरलेल्या मादीच्या पोटाची झडप कधी उघडली, तर खाली पिलांचा घोळका बिलगलेला दिसतो. प्रत्येक पिलाजवळ आईच्या लेखाची एक प्रत असते. नर पिलांजवळची तेथेच थांबते. माद्यांजवळची पुढल्या पावसाळ्यांत उतरते.