मित्राचा पत्ता

दिवाळीची साफसफाई म्हणजे माळ्यावरचा भूतकाळ खाली उतरवण्याचा मुहूर्तच! नाशिकला इंदिरानगरातल्या आमच्या घरी परवा एक बिस्किटांचा जुना डबा असाच खाली आला आणि त्यातून निघाले चाळीसेक मल्ल. रबरात बांधलेले, कोपरे मऊ पडलेले, डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते!

1987 च्या विश्वचषकाच्या सुमारास आमच्याहून थोरली मुले बिग फन बबलगममधली क्रिकेटपटूंची चित्रे जमवीत आणि त्यांवरच्या धावांची बेरीज करीत. पुढे घरोघरी केबल आली, आणि आम्ही धाकटे या मल्लांचे झालो. त्या संस्थेचे नाव 2002 साली बदलून डब्ल्यूडब्ल्यूई झाले. आमच्या पत्त्यांवर जुनेच राहिले. पत्त्यावर उंची, वजन, छाती, दंड, लढती असे आकडे. एकाने आकडा पुकारायचा. ज्याचा मोठा, त्याला दुसऱ्याचा पत्ता. पाढे म्हणताना अडखळणारी आमची टोळी हे आकडे मात्र घडाघडा म्हणे!

शेजारच्या मित्राजवळ आंद्रे द जायंट होता. उंची 7 फूट 4 इंच! मला तो हवाच होता. एका दुपारी जिन्यात खऱ्या हारजितीचा डाव मांडला. पाळी माझी होती. मी 'लढती' पुकारल्या आणि माझ्या पत्त्यावरचा आकडा चांगला दुप्पट करून सांगितला. "दाखव पाहू," असे तो म्हणाला नाही. मुकाट्याने त्याने आंद्रे माझ्या हातावर ठेवला. महिन्याभरात त्याच्या वडिलांची बदली झाली आणि शेजारच्या दाराला कुलूप लागले.

"बाबा, याचे किती येतील हो?" लेकीने विचारले. तिचे तरी काय चुकले? मिकी मँटल या अमेरिकन बेसबॉलपटूचा 1952 सालचा एक पत्ता 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरना विकला गेला!

"हा विकायचा नाही," मी म्हणालो. "माझा नाही तो."

"मग ज्याचा आहे त्याला देऊन टाका ना!"

वाचकहो, वर्गात शब्दांचे श्लेष उलगडून सांगण्यात माझा जन्म गेला. पण असा श्लेष माझ्याच वाट्याला येईल, असे वाटले नव्हते. तीस वर्षे मित्राचा पत्ता माझ्याजवळ आहे; आणि मित्राचा पत्ता मात्र माझ्याजवळ नाही!

डबा पुन्हा माळ्यावर गेला. आंद्रे तेवढा टेबलाच्या खणात ठेवला आहे.