मोटारीचा पुढचा बंपर : घरीं उतरवितांना

मोटारीच्या सर्व अवयवांत पुढच्या बंपराइतका नित्य दिसणारा व तितकाच अपरिचित असा दुसरा अवयव क्वचितच असेल. दसऱ्यास त्याला झेंडूची माळ घालतात, रोज सकाळीं फडक्यानें पुसतात. परंतु तो कशाला धरून उभा आहे आणि त्याच्या पाठीमागें काय दडलें आहे, याची चौकशी तो फुटेपर्यंत सहसा कोणी करीत नाहीं. फुटल्यावर एक तर गाडी कारखान्यांत जाते, नाहीं तर अंगणांतच पकड घेऊन ओढाताण सुरू होते. दुसऱ्या मार्गांत धाडस आहे. पण ज्ञान नसेल तर त्या धाडसाची किंमत एखाद्या दिवशीं प्राणानें मोजावी लागते. म्हणून हें काम घरीं करावें कीं नाहीं, यापेक्षां तें कसें करावें आणि कोठें थांबावें, हें समजून घेणें अधिक अगत्याचें आहे.

सातारा व सांगली या जिल्ह्यांत बंपर उतरविण्याचे प्रसंग वारंवार येतात. २०१९ च्या ऑगस्टमध्यें सांगलीस आयर्विन पुलापाशीं कृष्णेच्या पाण्यानें ५७ फुटांची खूण ओलांडली, तेव्हां नदीकांठच्या वस्तींतून दारांत उभ्या असलेल्या गाड्याहि पाण्यांत गेल्या. अशा पुरानंतर गाडी धुतली जाते. परंतु नदीचा बारीक गाळ बंपराच्या मागच्या पोकळींत बसतो, आणि बाहेरून कितीहि पाणी मारलें तरी तेथून हालत नाहीं. तो ओल धरून ठेवतो, भोंग्याचा आवाज बसवितो, दिव्यांच्या तारांच्या जोडांवर हिरवट गंज चढवितो. पूर नसला तरी गळिताचा हंगाम आहेच. दिवाळीच्या सुमारास उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या कीं उडणारें पाचट आणि धूळ पुढच्या जाळींतून आंत शिरतात व रेडिएटरच्या तोंडावर थर धरतात. खंबाटकी किंवा पसरणीच्या घाटांत एखादा दगड खालच्या कडेस लागला, म्हणजे क्लिपा तुटून बंपर एका अंगानें लोंबूं लागतो. अशा लहान दुरुस्त्या अंगणांत होण्यासारख्या आहेत.

यंत्र उघडून पाहण्याचें भय या भागांत पूर्वींपासूनच कमी. १९१० सालीं तेव्हांच्या औंध संस्थानांतील ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं कारखाना वसविला. ती किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यांत आहे. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीस कांचेचा कारखाना उभा राहिला, व तेथला प्रभाकर कंदील घरोघर गेला. लोखंडी नांगराचा झिजलेला फाळ शेतकऱ्यानें बांधावर बसून बदलावा, कंदिलाची कांच गृहिणीनें उतरवून पुसावी व पुन्हा बसवावी, हा येथला नित्याचा व्यवहार होता. वस्तु उघडतां येणें हें अर्धेंच काम. ती पुन्हा जशीच्या तशी बसवितां येणें हा खरा कस. बंपरालाहि तोच कस लावावयाचा आहे.

जुन्या ॲम्बॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनी गाडीचा बंपर म्हणजे चकचकीत मुलामा दिलेली पोलादी पट्टी. मोजके बोल्ट सोडले कीं ती हातांत येई, आणि धक्काहि तीच खाई. १९७२ सालीं फ्रान्समध्यें निघालेल्या रेनो ५ या गाडीस प्लॅस्टिकचे बंपर होते. पुढें ती चाल सर्वत्र पडली. आज बंपर म्हणून जें दिसतें तें बहुधा पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचें रंगविलेलें कवच असतें. खरी ढाल त्याच्या मागें असते. प्रथम फोमसारख्या पदार्थाची हलकी गादी, तिच्यामागें धातूची आडवी तुळई, आणि तुळईच्या दोन्ही टोकांस मुद्दाम दुबळ्या ठेवलेल्या दोन पेट्या. टक्कर झाली म्हणजे या पेट्या चुरगळतात, आणि त्या चुरगळण्यांत धक्क्याचा पुष्कळसा जोर खर्ची पडतो. गाडीचें टोंक मोडावें म्हणजे आंतला माणूस वांचेल, हा विचार बेला बारेनी या अभियंत्यानें १९५१ सालीं पेटंटासाठीं मांडला होता. मात्र प्रत्येक गाडींत हे सर्व भाग सारखेच असतात असें नाहीं. म्हणून कामापूर्वीं गाडीबरोबर आलेलें माहितीपुस्तक पाहावें.

कामास दोन माणसें असावींत व वेळ दुपारची निवडावी. थंडींत प्लॅस्टिक ठिसूळ होतें. पांचगणी-महाबळेश्वरकडे डिसेंबरच्या सकाळीं जी क्लिप ओढतांच मोडते, तीच उन्हांत तासभर तापल्यावर सहज सुटते. गाडी सपाट जागीं उभी करून हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांस दगड लावावे आणि इंजिन पुरतें निवूं द्यावें. शेजारीं एक जुनी गोधडी अंथरून ठेवावी. दहा मिलिमीटरचा पाना, अधिक-चिन्हाच्या तोंडाचा स्क्रूड्रायव्हर आणि क्लिपा उचलण्यास प्लॅस्टिकची चपटी पट्टी, एवढ्यावर बहुतेक गाड्यांचें भागतें. याखेरीज एक पुठ्ठा घ्यावा. त्यावर बंपराची आकृति काढून, जो स्क्रू जेथून निघाला तो तेथेंच टोंचून ठेवावा. स्क्रू सारखे दिसले तरी लांबींत भेद असतो. आंखूड स्क्रूच्या जागीं लांब स्क्रू गेला तर तो आंतला भाग भोंसकतो.

आरंभ चाकांवरच्या कमानींपासून करावा. डाव्या कमानींत काम करतांना सुकाणू उजवीकडे वळवावें, उजव्या कमानींत डावीकडे, म्हणजे चाकाची पुढची कड आंत जाऊन हात घालण्यास जागा होते. कमानीचें अस्तर बंपरास जेथें मिळतें तेथें कांहीं स्क्रू असतात. अस्तर किंचित् सारलें कीं बंपराचें टोंक मडगार्डास जखडणारा एक स्क्रू बहुधा आडबाजूस सांपडतो. तो राहून गेला तर पुढची सारी ओढाताण त्या एका कोपऱ्यावर येते व कान तुटतो. दोन्ही बाजू मोकळ्या झाल्यावर किल्ली काढावी, बॅटरीचें ऋण टोंक सोडावें आणि माहितीपुस्तकांत सांगितलेला वेळ जाऊं द्यावा. १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या मोटारींत चालकासमोर एअरबॅग सक्तीची आहे, आणि तिला धक्क्याची वर्दी देणारी यंत्रणा पुष्कळ गाड्यांत पुढच्या बाजूसच असते. तिच्या तारांचे जोड बहुधा पिवळ्या रंगाचे असतात. त्यांस हात लावूं नये व त्यांच्या आसपास हातोडा चालवूं नये.

यानंतर बॉनेट उघडून वरच्या कडेच्या क्लिपा काढाव्या. पुष्कळ क्लिपांत मधली खुंटी आधीं उचलावी लागते. कांहींत ती दाबावी किंवा पाव वळसा फिरवावी लागते. खुंटी न सोडतां सबंध क्लिप उपटली तर ती वायां गेलीच म्हणून समजावें. खालच्या कडेचे बोल्ट बाजूनें आडवें होऊन काढतां येतात. गाडी उचलावीच लागली तर केवळ जॅकच्या भरंवशावर तिच्याखालीं कधींहि शिरूं नये; खालीं पक्के स्टँड लावावे.

आतां दोघांनीं दोन टोकें धरावीं. मडगार्डाच्या कडेस कागदी चिकटपट्टी लावली म्हणजे रंगावर ओरखडा उठत नाहीं. कमानीच्या बाजूनें टोंक हलकेंच बाहेर ओढीत दिव्याकडे यावें. खांचेंतून कड सुटल्याचा टकटक असा आवाज येतो. बंपर अडला तर जोर करूं नये. अडण्याचा अर्थ एकच, कोठें तरी एक स्क्रू राहिला आहे. कवच वीतभर पुढें येतांच एकानें तें पेलून धरावें व दुसऱ्यानें मागें डोकावून धुक्याच्या दिव्यांचे व सेन्सरांचे जोड सोडवावे. मग कवच गोधडीवर ठेवावें.

येथवर आलेला मनुष्य बहुधा लगेच गाळ धुण्यास लागतो. परंतु आधीं डोळ्यांनीं पाहण्याचें काम आहे. तुळई सरळ आहे काय, टोंकाच्या पेट्यांवर सुरकुती किंवा चीर दिसते काय, गादी जागेवर आहे काय? पेटी चुरगळलेली असेल तर तिनें आपला एकदांचा उपयोग करून टाकला आहे, दुसऱ्या टकरींत ती कामास यावयाची नाहीं. ती ठोकून सरळ करूं नये. तेथें घरचें काम संपलें व जाणत्या कारागिराचें सुरू झालें. पूर्वीच्या एखाद्या दुरुस्तींत गादी निरुपयोगी भरताड समजून फेकून दिलेली असण्याचाहि संभव असतो. बाहेरून अशी गाडी नवी दिसते, पण तिची ढाल गेलेली असते. सर्व ठीक असेल तर रेडिएटरची बाजू मंद धारेनें, शक्यतों आंतून बाहेर अशी धुवावी. जोराच्या फवाऱ्यानें तेथील पातळ पत्रे वांकतात.

बसवितांना क्रम उलटा. सर्व स्क्रू आधीं हातानें चार आटे फिरवावे आणि सगळे लागल्यावरच आवळावे. तारा जोडून, बॅटरी लावून दिवे व भोंगा पाहावा. वाहनक्रमांकाची नवी पाटी न उघडणाऱ्या कुलुपी खिळ्यांनीं बसविलेली असते. ती कवचाबरोबरच उतरते व चढते, म्हणून ती तोडूं नये. पाटीवांचून गाडी रस्त्यावर नेऊं नये. बंपरामागें रडार असलेली नवी गाडी असेल, तर त्याचा नेम पुन्हा तपासून घेण्यास ती कारखान्यांतच न्यावी.

कित्येक जण मात्र कवच पुन्हा फुटूं नये म्हणून त्याच्यापुढें जाड पोलादी कमान बसवितात. डिसेंबर २०१७ मध्यें केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानें राज्यांना कळविलें कीं, अशा कमानी मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाविरुद्ध आहेत. कारणहि उघड आहे. ताठ पोलाद स्वतः मोडत नाहीं, तें धक्का मागें सांगाड्यास देतें, एअरबॅगेच्या वर्दींत घोटाळा करूं शकतें, आणि पायीं चालणाऱ्यास तर जीवघेणें ठरतें. प्लॅस्टिकचें कवच फुटलें तर पैशानें दुसरें मिळतें. हिंवाळ्याच्या रात्रीं कऱ्हाड-सांगलीच्या रस्त्यावर मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली एकाएकीं समोर येते, तेव्हां चालकाच्या छातीपुढें उभी राहते ती त्या कवचामागची गादी, तुळई व दोन दुबळ्या पेट्या. अंगणांतल्या त्या दुपारीं त्या जागच्या जागीं बसल्या असल्या, म्हणजे काम चोख झालें.