गोल अडतो कुठं? कोल्हापुरी फुटबॉलचे काही लाडके गैरसमज

शाहू स्टेडियमच्या गॅलरीत एकाच माणसाच्या तोंडून, एकाच सामन्यात, दोन उलटे निकाल ऐकायला मिळतात. पूर्वार्धात आपल्या पेठेच्या विंगरनं दोघांना चकवलं की, "काय टॅलेंट हाय! ह्यो इंडियाकडनं खेळाय पायजे." उत्तरार्धात त्याच विंगरचा फटका बाहेर गेला की, "ह्यांच्यात दमच न्हाई." संघ पाटाकडील असो, दिलबहार असो, शिवाजी तरुण मंडळ असो की खंडोबा, दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं: अमुक संघानं सोप्या संधी वाया घालवल्या. त्या का वाया गेल्या, हे बातमीत नसतं. कट्ट्यावर त्याची दोनच उत्तरं असतात, पोरं कमी पडली किंवा नशीब फिरलं. मला दोन्ही पटत नाहीत. आपल्या संघांचं घोडं पेंड खातं ते चढाईच्या शेवटच्या टप्प्यात, डीच्या आसपास कुणी कधी कुठं असायचं हे न ठरल्यामुळं. पेठेचा संघ घ्या नाहीतर कॉलेजचा, दुखणं तेच.

गैरसमज: "आपल्याकडं वरच्या पातळीचं टॅलेंटच नाही."

कोल्हापूरच्या अनिकेत जाधवनं हा दावा 2017 मध्येच खोडून काढला. त्या वर्षी आपल्याच देशात झालेल्या 17 वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला. आपण त्याचा अभिमान बाळगतो आणि त्याच्या वाटचालीतला एक टप्पा पटकन ओलांडून जातो. लहान वयातच तो शहर सोडून पुण्याला, बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला होता. पायातली कला घरचीच होती. वयोगटानुसार रोजचं, शिस्तीतलं प्रशिक्षण मिळायला मात्र गाव सोडावं लागलं.

त्या स्पर्धेत भारतानं अमेरिका, कोलंबिया आणि घाना यांच्याविरुद्ध तीन सामन्यांत नऊ गोल खाल्ले आणि एक केला. तो एक गोल कसा झाला, ते पाहण्यासारखं आहे. कोलंबियाविरुद्ध 82व्या मिनिटाला संजीव स्टॅलिननं कॉर्नर घेतला आणि जीक्सन सिंगनं हेडरनं तो जाळ्यात धाडला. तीन-चार जणांना चकवून केलेला तो गोल नव्हता. जल्लोष ओसरायच्या आत कोलंबियानं पुन्हा आघाडी घेतली, ही त्यातली कडू बाजू.

गैरसमज: "स्ट्रायकरच भिकार आहे."

गॅलरीतल्या सगळ्यात जास्त शिव्या याच माणसाच्या वाट्याला येतात. आधी साधा हिशेब बघू. जगातल्या मोठ्या लीगमध्येसुद्धा गोलच्या दिशेनं मारलेल्या सरासरी दहा फटक्यांतला एखादाच आत जातो. डीच्या बरंच बाहेरून मारलेल्या फटक्यांत हे प्रमाण शंभरात तीन-चारच्या आसपास येतं. म्हणजे फटका कुणी मारला याइतकंच तो कुठून मारला हेही महत्त्वाचं. आणि स्ट्रायकरला चेंडू कुठं मिळणार, हे बऱ्याचदा त्याच्या हातात नसतं.

आपल्याकडची नेहमीची चढाई घ्या. उजव्या बगलेवर विंगरला चेंडू मिळतो. तो पहिल्या बचावपटूला चकवतो. या क्षणी समोर डीमध्ये दोनच बचावपटू आहेत आणि स्ट्रायकर जवळच्या खांबाकडं धाव घेतोय. क्रॉस आत्ता यायला हवा. पण गॅलरीतून "एऽऽ" असा गजर उठलाय, म्हणून विंगर दुसऱ्यालाही अंगावर घेतो. तोही चकतो. गजर वाढतो. स्ट्रायकर खांबापाशी पोचून थांबलाय, आता तो उभ्या उभ्या मागं वळून बघतोय. तिसऱ्याला चकवेपर्यंत बचावातले सगळे परत आले आहेत. मग क्रॉस येतो, गोलकीपर दोन पावलं पुढं येऊन तो आरामात पकडतो, आणि शिवी पडते स्ट्रायकरला.

विंगरकडं कौशल्य नव्हतं का? भरपूर होतं. धाव आणि पास यांची वेळ जुळली नाही, एवढंच. ही वेळ जन्मजात कुणाच्या अंगात नसते. तीच चाल त्याच चार पोरांनी शेकडो वेळा केली की ती अंगवळणी पडते. आपल्याकडं सराव म्हणजे दोन बाजू पाडून मॅच खेळणं. त्यात दम वाढतो, चुरस वाढते, चाल काही बसत नाही.

गैरसमज: "उगं पास खेळत बसू नका, लांब मारा."

या सल्ल्यामागं खरोखरची आकडेवारी आहे आणि ती चुकीची वाचली गेली, म्हणून जरा थांबतो. ब्रिटिश हवाई दलातले चार्ल्स रीप 1950 पासून वही-पेन्सिल घेऊन सामन्यांतला पास न् पास टिपत असत. 1968 मध्ये बर्नार्ड बेंजामिन यांच्यासोबत त्यांनी निष्कर्ष छापला: सुमारे 80 टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालींतून होतात. इंग्लंडमधल्या कित्येक प्रशिक्षकांनी त्यावरून चेंडू लांब भिरकावण्याचा धडा घेतला.

पण त्याच नोंदींत आणखी एक आकडा होता. एकूण चालींपैकी 90 टक्क्यांहून जास्त चाली तीन पासांच्या आतच संपत होत्या. चाली नव्वद टक्के आणि गोल ऐंशीच टक्के. म्हणजे छोट्या चाली आपल्या वाट्यापेक्षा कमीच देत होत्या. पुढं 2005 मध्ये ह्यूज आणि फ्रँक्स या संशोधकांनी 1990 आणि 1994 च्या विश्वचषकांतले सामने तपासून हीच बाजू मांडली. लांब मारणं पाप नाही. पुढं धावणारा तयार असेल तर मारावंच. पुढं कोणीच नसताना मारला, तर तो चेंडू प्रतिस्पर्ध्याला बहाल केला म्हणायचा.

इथं बास्केटबॉलवाल्यांचा मला हेवा वाटतो. त्यांना 24 सेकंदांत बास्केटकडं चेंडू टाकावाच लागतो. चाल बसलेली नसेल तर 22व्या सेकंदाला कुणीतरी लांबून वेडावाकडा प्रयत्न करतो आणि कॉलेजच्या सामन्यातही सगळ्या कोर्टाला कळतं की गोंधळ झाला. फुटबॉलमध्ये घड्याळ असं पकडत नाही. गोंधळ नव्वद मिनिटं झाकून राहतो आणि टायब्रेकरमध्ये एखाद्या बिचाऱ्या पोराच्या नावावर जमा होतो.

गैरसमज: "बाहेरचा खेळाडू आणला की प्रश्न मिटला."

परदेशी खेळाडू आणून एखादा सामना जिंकता येतो, नाही असं नाही. पण तो ऐन हंगामात येतो, भाषा वेगळी, सोबत्यांच्या सवयी ठाऊक नाहीत. मग संघाची एकच चाल उरते, चेंडू त्याला द्या. हे समोरच्या संघालाही पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

गैरसमज: "कॉर्नर म्हणजे अर्धा गोल."

कॉर्नर मिळाला की गॅलरी उभी राहते. व्यावसायिक फुटबॉलमध्ये शंभर कॉर्नरमागं थेट गोल होतात साधारण तीन. तरीही हाच कॉर्नर एखाद्या मध्यम संघाचं नशीब पालटू शकतो. 2004 च्या युरो स्पर्धेआधी ग्रीसनं मोठ्या स्पर्धेत एकही सामना जिंकलेला नव्हता. त्या वर्षी ओटो रेहागेल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी फ्रान्स, चेक प्रजासत्ताक आणि पोर्तुगाल यांना बाद फेरीत ओळीनं 1-0 असं हरवलं. तिन्ही गोल हेडरनं झाले. एक क्रॉसवर, दोन कॉर्नरवर. तिन्ही प्रतिस्पर्धी गुणवत्तेत ग्रीसपेक्षा सरस होते, हे ग्रीसच्या चाहत्यांनीही नाकारलं नसतं.

असा सराव करायला महागडं मैदान लागत नाही. गांधी मैदानाचा एक कोपरा, दोन खांब, सात-आठ पोरं आणि रोजचा अर्धा तास पुरतो. कॉर्नर घेणारा एकच ठरवायचा, पहिल्या खांबाकडं कोण धावणार, गोलकीपरसमोर कोण उभा राहणार आणि परतलेल्या चेंडूवर कोण झडप घालणार, ते ठरवायचं आणि हंगामभर बदलायचं नाही. अडचण एवढीच की हे बघायला फार कंटाळवाणं असतं, आणि सरावाच्या वेळी कठड्यावर बसलेले पेठेतले जाणकार पाचव्या कॉर्नरला ओरडतात, "आरं, मॅच लावा की!"