चिंचणीची दमट हवा आणि उबवणीतले अंडे

कोंबडीच्या अंड्याचे कवच सच्छिद्र असल्याने उबवणीच्या 21 दिवसांत त्यातून प्राणवायू आत येतो, कर्बवायू बाहेर जातो आणि त्याच वाटेने पाण्याची वाफही निसटत राहते. ही घट आवश्यकच असते, कारण गेलेल्या पाण्याची जागा अंड्याच्या बोथट टोकाकडील हवाकोष घेतो आणि कवच फोडण्यापूर्वीचा पहिला श्वास पिल्लू त्या कोषातच घेते. हवा फार दमट असली तर कोष लहान राहून पिल्लू आतच गुदमरते. फार कोरडी असली तर आतला पडदा वाळून त्याच्या अंगाला चिकटतो.

म्हणून पहिले 18 दिवस सुमारे 50 ते 55 टक्के आणि शेवटचे तीन दिवस 65 ते 70 टक्के सापेक्ष आर्द्रता ठेवावी, असा संकेत आहे. सापेक्ष आर्द्रता म्हणजे एखाद्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्षात असलेला हिस्सा, आणि तापमान वाढले की हवेची ही धारणशक्तीही वाढते. डहाणू तालुक्यातील चिंचणीच्या किनाऱ्यावर नेमका याचाच विसर पडतो. पावसाळ्यातील 28 अंश सेल्सिअसची, 85 टक्के आर्द्रतेची हवा उबवण यंत्रात 37.5 अंशांपर्यंत तापली की बाष्प तेवढेच असूनही तिची आर्द्रता सुमारे 50 टक्क्यांवर येते, त्यामुळे पाण्याचे भांडे कोरडे ठेवूनही काम भागते. उलट हिवाळी पहाटेची 18 अंशांची, 70 टक्के आर्द्रतेची हवा तापल्यावर जेमतेम 22 टक्के उरते. तेव्हा पाणी हवेच, मात्र भांड्याच्या खोलीपेक्षा पाण्याचा पसरट पृष्ठभाग महत्त्वाचा, कारण बाष्पीभवन तिथूनच होते.

स्वस्त आर्द्रतामापकावर आंधळा विश्वास ठेवू नये. बंद डब्यात ओल्या मिठाच्या लगद्याशेजारी काही तास ठेवल्यावर त्याने सुमारे 75 टक्के दाखवले पाहिजेत. त्याहून खात्रीचा साक्षीदार म्हणजे तराजू: अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन 11 ते 13 टक्क्यांनी उतरावे, म्हणजे 55 ग्रॅमचे अंडे साधारण 48 ते 49 ग्रॅमवर यावे. घट कमी दिसल्यास पाणी कमी करावे, जास्त दिसल्यास वाढवावे. हवेची भोके मात्र बुजवू नयेत.

अठराव्या दिवशी अंडी फिरवणे थांबवून भांडे भरावे आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत झाकण उघडू नये, कारण साठलेले बाष्प क्षणात निघून जाते आणि कवच टोचलेल्या पिल्लाभोवतीचा पडदा नेमका त्याच वेळी वाळतो.