एडिंबऱ्याची तोफ आणि आमचा मध्यमेश्वर

तोफ उडाली आणि मी दचकून मित्राचा दंड धरला. आजूबाजूचे लोक शांतपणे आपापल्या मनगटावरची घड्याळे बघत होते. मित्र हसून म्हणाला, "घाबरला का बे? एक वाजला, दुसरं काही नाही."

हा प्रसंग 2016 सालच्या मे महिन्यातला. स्थळ, एडिंबऱ्याचा किल्ला. हा मित्र माझा वाशीमचा बालमित्र. एका बाकावर बसलो, एका तळ्यात पोहायला शिकलो. तो डॉक्टर होऊन स्कॉटलंडला गेला आणि तिथलाच झाला. मी वाशीमला शाळेत भूगोल शिकवत राहिलो. "निवृत्त झालास, आता तरी ये," असा त्याने लकडा लावला, तेव्हा कुठे मी पासपोर्ट काढला.

एडिंबरा बघायचे तर पायांत बळ हवे. हे शहर सपाटीवर असे नाहीच. एक रस्ता टेकडीवर, तर दुसरा त्याच्या पोटातून पुलाखालून जाणारा. नकाशात दोन रस्ते एकमेकांना छेदताना दिसतात. प्रत्यक्षात एकावरून दुसऱ्यावर जायला पन्नास-साठ पायऱ्या उतराव्या लागतात. किल्ला ज्या कातळावर उभा आहे तो सुमारे 35 कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला लाव्हा. पुढे हिमयुगात पश्चिमेकडून बर्फाच्या प्रचंड लाद्या सरकत आल्या. कातळ हटला नाही, पण आजूबाजूची माती खरवडली गेली आणि कातळाच्या आडोशाला पूर्वेकडे एक लांब उतरती सोंड शिल्लक राहिली. या सोंडेवर जुने शहर वसले. किल्ल्यापासून हॉलीरूडच्या राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा तो मैलभराचा रस्ता म्हणजे 'रॉयल माइल'.

आम्ही तो रस्ता दोन दिवस पायी हिंडलो. दोन्ही अंगांना माशाच्या काट्यांसारख्या अरुंद गल्ल्या फुटलेल्या. त्यांना तिथे 'क्लोज' म्हणतात. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी नावाची पाटी. इथे कोणता कारागीर राहिला, तिथे कोणता लेखक. अठराव्या शतकात नगराची एक मोठी इमारत बांधताना काही गल्ल्यांची वरची घरे पाडली आणि खालची तशीच जमिनीखाली राहिली. आज तिकीट काढून लोक ती अंधारी घरे बघायला जातात. पडक्या भिंतीचेही काय कौतुक, असे मला वाटले. पण पाटी वाचल्याशिवाय पाय पुढे निघत नव्हता, हेही खरे.

तिसऱ्या दिवशी मित्राने मला 'आर्थर्स सीट' या टेकडीवर चढवले. उंची 251 मीटर. वर पोचेपर्यंत माझा भाता झाला. तो विचारतो, "काय मास्तर, दमले?" मी म्हटले, "लेका, आपलं वाशीम समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या वर आहे. तुझ्या या डोंगराच्या दुप्पट उंचीवर आपण गोट्या खेळलो!" दोघेही पोट धरून हसलो. खाली हिरवळीच्या बागांचा लांबलचक पट्टा दिसत होता. तो म्हणाला, "तिथं आधी तळं होतं. पार घाण झालं होतं. अठराव्या शतकात ते आटवायला घेतलं आणि पलीकडे आखीव-रेखीव नवं शहर वसवलं. जुनं आणि नवं मिळून 1995 पासून जागतिक वारसा आहे." मग तोफेची गोष्ट निघाली. लीथ बंदरातल्या जहाजांना घड्याळे लावता यावीत म्हणून समोरच्या टेकडीवरच्या मनोऱ्यावर एक गोळा चढवून बरोबर एक वाजता खाली सोडत. पण धुक्यात तो दिसेना. म्हणून 1861 पासून तोफ. रविवार सोडून रोज. बारा वाजता बारा बार उडवण्यापेक्षा एक वाजता एकच उडवला, हा स्कॉटिश काटकसरीवरचा तिथला नेहमीचा विनोद.

हसता हसता तो सहज बोलून गेला, "नाहीतर आपलं वाशीम. काय आहे बे तिथं पाहासारखं? मी तर वाडा विकून टाकतो म्हणतो."

वाडा त्याचा, मी कोण बोलणार? पण पहिल्या वाक्याने मला टोचले. त्याहून जास्त टोचले ते हे, की मला उत्तर देता आले नाही. "बालाजीचं देऊळ आहे न," एवढेच मी पुटपुटलो. तीस वर्षे मुलांना ग्रिनिचचे रेखावृत्त शिकवणारा मास्तर आपल्या गावाबद्दल दुसरे वाक्य बोलू शकला नाही.

घरी परतल्यावर मी वाचनालयात जाऊन बसू लागलो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींचा वाकाटकांवरचा 1957 सालचा ग्रंथ काढला आणि वाचता वाचता माझी मलाच लाज वाटू लागली. आमचे वाशीम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. प्राकृतात त्याचे वच्छोम झाले आणि त्यातून घासत घासत वाशीम. 1939 साली वाशीमला ताम्रपट मिळाले. दुसऱ्या विंध्यशक्तीने वत्सगुल्माहून दिलेले ते दानपत्र. वंशावळ संस्कृतात आणि पुढचा मजकूर प्राकृतात. या पत्र्यांमुळे वाकाटकांची ही स्वतंत्र शाखा इतिहासात ठामपणे उभी राहिली. शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन. त्याने 'हरिविजय' हे प्राकृत काव्य रचले. पुढे याच घराण्यात पाचव्या शतकात हरिषेण झाला. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवले, तसा लेख त्या लेण्यातच आहे. म्हणजे जग ज्या अजिंठ्यासाठी समुद्र ओलांडून येते, त्यातल्या एका लेण्याचा हुकूम आमच्या राजाच्या दरबारातून सुटला होता! राजशेखराने तर 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न याच वत्सगुल्मात लावून दिले आहे.

आणि माझ्या वर्मावर बोट ठेवणारी गोष्ट पुढेच होती. ग्रिनिचच्या कितीतरी आधी आपल्या ज्योतिषांची मध्यरेषा होती: लंकेपासून उज्जयिनीवरून मेरूकडे जाणारी. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराचार्यांनी या रेषेवरची गावे सांगताना वत्सगुल्माचे नाव घेतले आहे. आजच्या नकाशात वाशीम उज्जैनच्या पूर्वेला अंशाहून थोडे अधिक सरकलेले दिसते, ते सोडा. गावातली म्हातारी माणसे मध्यमेश्वराच्या देवळातून पृथ्वीची मध्यरेषा जाते असे सांगत, तेव्हा मी भूगोलाचा मास्तर म्हणून गालातल्या गालात हसत असे. त्यांचे सांगणे कुठून आले होते, हे मला साठी उलटल्यावर कळले.

दोन वर्षांनी मित्र वाड्याच्या व्यवहारासाठी आला. मी त्याला म्हटले, "तू मला तीन दिवस हिंडवलंस. मला एक दिवस दे." सकाळी मध्यमेश्वराला नेले. तिथे तोफ नव्हती, पाटीही नव्हती; पाटीचे काम मीच केले. मग बालाजी. नागपूरकर भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे देऊळ बांधले. एडिंबऱ्याचे नवे शहर उभे राहत होते, ते हेच दिवस. जेवण झाल्यावर त्याला वाड्याच्या जोत्यावर बसवले आणि त्या काळ्या दगडावर हात ठेवायला सांगितला. म्हटले, "हाही लाव्हाच. वय साडेसहा कोटी वर्षे. तुझ्या किल्ल्याच्या कातळाचा धाकटा भाऊ."

संध्याकाळी पद्मतीर्थावर गेलो. याच पाण्यात आम्ही पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलो. मी त्याला आणखी एक नाव सांगितले: जेम्स बर्जेस. फर्ग्युसनबरोबर भारतातल्या लेण्यांवर 1880 साली मोठा ग्रंथ लिहिणारा, पुढे पुरातत्त्व खात्याचा प्रमुख झालेला हा स्कॉटिश माणूस. त्याने अखेरची वर्षे एडिंबऱ्यात काढली आणि 1916 साली तिथेच देह ठेवला. मित्र बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे अजिंठा जाणणारा माणूस माझ्या गावात राहून गेला, आणि तो अजिंठा कोरवणाऱ्यांच्या गावचा मी, मलाच काही ठाव नाही." मी म्हटले, "मला तरी कुठं होता? तू विचारलंस म्हणून शोधलं."

तुम्हाला वाटेल, त्याने वाडा विकला नसेल. विकला. आठव्या दिवशी खरेदीखत झाले. मुले तिकडे, तो तिकडे. बंद वाडा किती दिवस राखणार? मला वाईट वाटले, पण राग आला नाही. जाताना त्याने जोत्याचा एक कपचा रुमालात बांधून नेला.

आता दर रविवारी त्याचा फोन येतो. मागे नातू घरी आला असता त्याने त्याला तो दगड दाखवला आणि वत्सगुल्माची गोष्ट सांगितली. नातवाने विचारले, "आजोबा, मग तिथं पाहायला काय आहे?" मित्र मला म्हणाला, "मी त्याले सांगितलं, पुढच्या वर्षी चल. एक मास्तर आहे तिथं, तो दाखवते."

तेव्हापासून सकाळी फिरायला निघालो की मी मुद्दाम मध्यमेश्वरावरून जातो. पाहुणे यायचे आहेत; गाव नीट पाठ असलेले बरे.